दुकानाची पाटी आपली, कुलूप कोणाचे?

वेबसाईटच्या सुरक्षा प्रमाणपत्राबाबत छोट्या व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावे असे काही

वरळी कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेलेले जाणते गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी माशाचे कल्ले उघडून पाहते. कल्ले लाल, डोळा चकचकीत, अंग घट्ट, म्हणजे माल ताजा. घासाघीस त्यानंतर. यात विकणारीला राग येण्याचे कारण नसते. उलट ज्या कोळणीचा माल चांगला, ती स्वतःच मासा उलटून दाखवते. व्यापार भरवशावर चालतो, पण तो भरवसा तपासून घेण्याची सोयही गिऱ्हाइकाला असावी लागते.

धंदा इंटरनेटवर गेला की ही सोय जाते. मोबाईलच्या पडद्यावर कल्ले उघडून पाहता येत नाहीत. तेथे गिऱ्हाइकाच्या वतीने पहिली तपासणी ब्राऊझर करतो. तो माल पाहत नाही. ज्या नावाच्या दुकानात गिऱ्हाईक निघाले तेच दुकान समोर आहे काय, आणि दोघांमधले बोलणे तिसऱ्याच्या कानी पडणार नाही ना, एवढेच तो पाहतो. समाधान झाले नाही तर तो पडदाभर इशारा देतो: ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. गिऱ्हाईक दचकते आणि परत फिरते. दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण परत गेलेले गिऱ्हाईक सहसा तक्रार करीत बसत नाही.

हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे असे समजून आपले छोटे व्यापारी त्याकडे पाठ फिरवतात. आमच्या मते ही चूक आहे. २०२० च्या मार्चअखेरीस वरळी कोळीवाडा साथीमुळे बंद करण्यात आला, त्यानंतर साऱ्या मुंबईतच लहान धंदेवाले मोबाईलवरून ऑर्डरी घेऊ लागले. सुकी मासळी, मसाले, लोणची, अत्तर, खजूर, शिवणकाम, केटरिंग अशा घरगुती धंद्यांनाही आज वेबसाईट परवडते. परंतु वेबसाईट घेताना पाटीचा रंग आणि फोटो यांवरच बोलणे होते. दाराला कुलूप कोणते, त्याची किल्ली कोणाकडे, हे कोणी विचारीत नाही. ते ‘डिफॉल्ट’वर, म्हणजे जसे आपोआप बसेल तसे, सोडून दिलेले असते. हे डिफॉल्ट म्हणजे काय आणि ते आपल्या ताब्यात कसे ठेवावे, ते आज पाहू.

कुलपाची जन्मकथा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राऊझरमधून एसएसएल नावाची पद्धत लोकांसमोर आणली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख शास्त्रज्ञ ताहेर एलगमाल हे मूळचे इजिप्तचे, जन्म कैरोचा. एसएसएलच्या घडणीतील वाट्यामुळे त्यांना या पद्धतीचे जनक म्हटले जाते. क्रेडिट कार्डाचा नंबर इंटरनेटवरून पाठवायचा तर वाटेत कोणी वाचू नये, ही त्यामागची गरज होती.

काम दोन पायऱ्यांचे आहे. प्रथम वेबसाईट आपले प्रमाणपत्र ब्राऊझरला दाखवते. त्यावर वेबसाईटचे नाव, मुदत आणि ते देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेची डिजिटल सही असते. ब्राऊझर ती सही पारखतो. ती पटली की दोघे मिळून एक तात्पुरती गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचे सारे बोलणे तिने बंद केलेल्या पाकिटातून होते.

भारतात रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ च्या इंटरनेट बँकिंगच्या मार्गदर्शक सूचनांत किमान १२८ बिटांचे एसएसएल वापरण्यास सांगितले. एसएसएलच्या जुन्या आवृत्त्यांत पुढे दोष सापडले. १९९९ पासून टीएलएस ही सुधारित पद्धत आली आणि २०१५ मध्ये एसएसएलची शेवटची आवृत्तीही अधिकृतपणे बाद झाली. आज आपण वापरतो ते टीएलएस असते. लोकांच्या तोंडी आणि होस्टिंगच्या बिलावर मात्र एसएसएल हेच नाव राहिले आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.

पॅनेल म्हणजे काय?

वेबसाईट जेथे ठेवली जाते तो सर्व्हर, आणि त्यातली जागा भाड्याने देण्याचा धंदा म्हणजे होस्टिंग. या जागेचा कारभार पाहण्याच्या पडद्याला कंट्रोल पॅनेल म्हणतात. सीपॅनेल आणि प्लेस्क ही त्यातली दोन प्रसिद्ध नावे. नवी ईमेल उघडणे, फाईल चढवणे, प्रमाणपत्र बसवणे ही सर्व कामे तेथून होतात.

या धंद्यात मुंबईचे नाव मोठे आहे. १९९८ मध्ये भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी मुंबईत डायरेक्टी ही कंपनी काढली. तिच्या रिसेलरक्लबने डोमेन आणि होस्टिंग घाऊक भावात घेऊन किरकोळ विकणाऱ्यांची मोठी साखळी उभी केली. २०१० मध्ये बिगरॉक हे दुकान थेट गिऱ्हाइकांसाठी निघाले. २०१४ मध्ये हे उद्योग अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेले.

छोट्या दुकानदाराने ही घाऊक-किरकोळ साखळी नीट समजून घ्यावी. आपल्या गल्लीतला वेबसाईट करून देणारा तरुण बहुधा स्वतः सर्व्हरचा मालक नसतो. त्याने जागा एका रिसेलरकडून घेतलेली असते आणि त्या रिसेलरने ती बड्या कंपनीकडून. डिफॉल्ट ठरवलेले असते वरच्या पायरीवर, आणि ते परंपरेने खाली येते. बिघडले की मात्र नाव जाते शेवटच्या पायरीवरच्या दुकानदाराचे.

चाळीचा नमुना

वरळीच्या जुन्या बीडीडी चाळी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. एका इमारतीत ऐंशी खोल्या आणि बाहेरून पत्ता एकच. स्वस्त होस्टिंगची रचना अशीच असते. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाईट, आणि साऱ्यांचा आयपी पत्ता एक.

चाळीत पाहुणा आला की तो ‘अमुक खोलीत जायचे आहे’ असे दारातच सांगतो. ब्राऊझरही सुरुवातीलाच वेबसाईटचे नाव सांगतो. ही सोय २००३ मध्ये मानकात आली. सर्व्हर मग त्या नावाचे प्रमाणपत्र काढून दाखवतो. पण त्या नावाचे प्रमाणपत्र बसवलेलेच नसेल तर? सर्व्हर गप्प बसत नाही. ‘डिफॉल्ट’ म्हणून नेमून ठेवलेले प्रमाणपत्र तो पुढे करतो.

हे डिफॉल्ट साधारण दोन प्रकारचे निघते. पहिला प्रकार म्हणजे सर्व्हर उभा करताना पॅनेलने स्वतःच तयार केलेले, स्वतःच्याच सहीचे प्रमाणपत्र. स्वतःच लिहिलेल्या चारित्र्याच्या दाखल्याला जी किंमत, तीच ब्राऊझरच्या लेखी याला. दुसरा प्रकार म्हणजे त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या एखाद्या वेबसाईटचे प्रमाणपत्र. तेव्हा आपल्या दुकानाचे नाव टाकणाऱ्याला शेजाऱ्याची पाटी दिसते, आणि इशारा झुगारून तो पुढे गेलाच तर शेजाऱ्याचे दुकानही उघडू शकते. दोन्ही वेळा घरफोडी झालेली नसते. आपल्या खोलीचे कुलूप बसवायचे राहून गेलेले असते, इतकेच.

प्लेस्कमध्ये सर्व्हरच्या मालकाला ‘टूल्स अँड सेटिंग्ज’ या विभागात एसएसएल/टीएलएस प्रमाणपत्रांची यादी दिसते. डिफॉल्ट कोणते, खुद्द पॅनेलला कोणते, मेलला कोणते, हे तेथे ठरते. सीपॅनेलमध्ये सर्व्हरच्या मालकाचा पडदा वेगळा असतो. गिऱ्हाइकाला आपल्या पॅनेलमध्ये ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ या पानावर प्रत्येक नावापुढे स्थिती आणि मुदत दिसू शकते. सर्व्हरचे डिफॉल्ट आपण बदलू शकत नसलो, तरी आपल्या नावाचे प्रमाणपत्र आहे की नाही हे पाहणे आपल्या हातात असते.

मुदत संपते केव्हा?

पूर्वी प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने सर्वांसाठी फुकट प्रमाणपत्रे खुली केली. २०१६ मध्ये सीपॅनेलने ऑटोएसएसएल ही सोय आणली, आणि प्रमाणपत्र घेणे, बसवणे, नवे करणे ही कामे पॅनेल स्वतःच करू लागले. गरीब दुकानदाराच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट झाली.

लेट्स एन्क्रिप्टने या प्रमाणपत्रांची मुदत ९० दिवसांची ठेवली. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी पॅनेल ते आपोआप नवे करते, म्हणून सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. अडचण होते ती हे आपोआपचे काम अडते तेव्हा.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, कोळीवाड्यातल्या एका महिला बचत गटाने १५ मार्चला सुक्या मासळीची वेबसाईट सुरू केली. बोंबील, जवळा, सोडे, सारे सुरळीत. एप्रिलमध्ये कोणीतरी वेबसाईटमध्ये काही बदल केला आणि त्यामुळे नूतनीकरणाची वाट बंद झाली. तेव्हा काहीच दिसत नाही. प्रमाणपत्राचे ९० दिवस भरतात १३ जूनला. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागलेली असते. होड्या किनाऱ्याला, ताजी मासळी कमी, आणि सुक्या मालाला मागणी. नेमक्या त्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या पडद्यावर इशारा झळकतो. तीन महिने उन्हात वाळवलेल्या मालाची विक्री एका न केलेल्या तपासणीमुळे अडते. बायकांना वाटते, यंदा गिऱ्हाईकच नाही.

त्यातच ४ जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे बंद केले आहे. म्हणजे आठवण करून देणारे कोणीतरी असेल या भरवशावर आता राहता येत नाही. शिवाय मुदती आणखी तोकड्या होत आहेत. सप्टेंबर २०२० पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राऊझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस असा टप्पा आहे. वर्षातून एकदा पैसे भरून हाताने प्रमाणपत्र बसवणाऱ्यांचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत. काम पॅनेलवर सोपवावेच लागेल, आणि म्हणूनच पॅनेल ते करते आहे की नाही हे पाहावे लागेल.

दुसऱ्या बाजूने ब्राऊझरही कडक होत गेले आहेत. जुलै २०१८ पासून क्रोम प्रमाणपत्राविना चालणाऱ्या प्रत्येक वेबसाईटला ‘असुरक्षित’ म्हणू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने आणखी एक पाऊल जाहीर केले. ऑक्टोबर २०२६ पासून अशा सार्वजनिक वेबसाईटवर प्रथम जाताना क्रोमने आधी परवानगी विचारावी, असे ते धोरण आहे.

आपोआपचे काम का अडते?

प्रमाणपत्र देण्याआधी संस्था खात्री करते की मागणारा खरोखरच त्या नावाचा धनी आहे. त्यासाठी पॅनेल वेबसाईटच्या एका ठरलेल्या जागी खुणेची फाईल ठेवते आणि संस्था ती बाहेरून येऊन वाचते. ती वाचता आली नाही तर प्रमाणपत्र मिळत नाही. कारणे बहुधा पुढीलपैकी असतात.

१) होस्टिंग बदलले, पण डोमेनच्या नोंदीत जुन्या सर्व्हरचा पत्ता राहिला. कधी मुख्य पत्ता बदललेला असतो, पण नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ता जुनाच असतो, आणि संस्था तेथे जाऊन परत येते.

२) वेबसाईटवर पासवर्ड किंवा चुकीचे वळण लावल्याने खुणेच्या फाईलची वाट बंद झाली.

३) ‘भारताबाहेरचे कोणी नको’ म्हणून परदेशातून येणाऱ्यांना मज्जाव केला. फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तपासणी करते, त्यामुळे असा मज्जाव आपल्याच अंगाशी येतो.

४) डोमेनच्या नोंदीत ‘प्रमाणपत्र फक्त अमुक संस्थेनेच द्यावे’ अशी जुनी अट राहिली. सप्टेंबर २०१७ पासून सर्व संस्थांना ही अट तपासणे बंधनकारक आहे.

५) डोमेनचेच भाडे थकले. पाटीच उतरली तर कुलपाचा उपयोग काय?

दुकानदाराने काय करावे?

यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात.

पहिली गोष्ट, डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाईल नंबरवर नोंदलेले असावे. वेबसाईट करणाऱ्याच्या नावावर नको. उद्या तो गावी गेला, धंदा बदलला किंवा त्याच्याशी बिनसले, तर पाटीच त्याच्या मालकीची ठरेल. दुकानाचा भाडेकरार आपण दुसऱ्याच्या नावाने करतो काय?

दुसरी, पॅनेलचा पासवर्ड आपल्याकडे असावा. ‘भाऊ, काम तुम्हीच करा, पण किल्लीचा एक जोड आमच्याकडे द्या’ असे सरळ सांगावे. यात अविश्वास नाही, व्यवहार आहे. प्रमाणपत्राची खासगी किल्ली मात्र व्हॉट्सअपवर किंवा ईमेलने कोणालाही पाठवू नये. ती सर्व्हरवरच राहावी.

तिसरी, पॅनेलमध्ये आपल्या प्रत्येक नावापुढची मुदत पाहावी. मूळ नाव, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेले नाव, मेल आणि वेबमेल ही सारी निरनिराळी नावे आहेत. वेबसाईटला प्रमाणपत्र आणि मेल मात्र डिफॉल्टवर, असे पुष्कळदा घडते. मग ईमेल उघडताना रोज इशारा येतो आणि माणसाला न वाचता ‘पुढे जा’ दाबण्याची सवय लागते. ही सवय घातक आहे. खरा चोर आला तरी बोट तेच बटण दाबते.

चौथी, जुन्या असुरक्षित पत्त्यावर आलेले गिऱ्हाईक आपोआप सुरक्षित पत्त्यावर वळेल अशी सोय चालू करावी. हे बटण दोन्ही पॅनेलमध्ये असते. ‘एचएसटीएस’ नावाचे आणखी कडक बटण मात्र घाईने दाबू नये. ते लावले की ठरवलेल्या मुदतीपर्यंत ब्राऊझर असुरक्षित मार्ग पूर्ण बंद करतो, आणि प्रमाणपत्र बिघडले तर गिऱ्हाइकाला इशारा ओलांडून येण्याची सोयही राहत नाही. नूतनीकरण दोन-तीन वेळा बिनबोभाट झालेले पाहावे, प्रथम थोड्या दिवसांची मुदत ठेवावी, मग वाढवावी.

पाचवी, होस्टिंगवाल्याला विचारावे की टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद आहेत काय. त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. १.२ आणि १.३ चालू असावी.

सहावी, बिल वाचावे. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र फुकट असते. ते बसवण्याची मजुरी घेण्यात गैर काही नाही. पण ‘एसएसएलची किंमत’ म्हणून दरवर्षी रक्कम लावली जात असेल, तर प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. महागड्या प्रमाणपत्राने पत्त्याच्या पट्टीत कंपनीचे नाव ठळक दिसते, अशी जाहिरात कोणी करीत असेल तर क्रोमने ते दाखवणे सप्टेंबर २०१९ मध्येच बंद केले आहे.

ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांची कागदपत्रे येतात त्यांनी अधिक सावध राहावे. हज-उमराच्या यात्रेची नोंदणी करणारा टूरवाला पासपोर्टच्या प्रती मागतो, क्लासवाला मुलांची माहिती घेतो, दवाखाना आजार लिहून घेतो. ही लोकांची अमानत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड राहू द्या, एका कुटुंबाचे पासपोर्ट भलत्या हाती गेले तर गेलेले नाव कोणत्या रकमेने परत येणार?

कुलूप काय सांगत नाही?

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रमाणपत्र म्हणजे इमानदारीचा दाखला नव्हे. पाकीट बंद आहे आणि ते त्याच नावाच्या दारी जात आहे, एवढेच ते सांगते. त्या दारामागचा माणूस सज्जन की भामटा, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. भामट्यालाही स्वतःच्या वेबसाईटच्या नावाचे प्रमाणपत्र फुकट मिळते. लोक कुलपाच्या चित्रालाच सचोटीची खूण समजू लागले, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याच्या पट्टीतले ते चित्र काढून टाकले.

दाखले देणारेही चुकतात. २ जुलै २०१४ रोजी गुगलला आढळले की आपल्या काही नावांची प्रमाणपत्रे भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून परवानगीविना निघाली आहेत. प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी त्या केंद्राची मधली प्रमाणपत्रे रद्द केली, आणि गुगलने क्रोममध्ये या भारतीय साखळीवरचा विश्वास मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित केला. सही सरकारी असली तरी ब्राऊझर तिची गय करीत नाही, हे तेव्हा दिसले.

म्हणून गिऱ्हाईक म्हणून आपण जेव्हा पैसे भरतो, तेव्हा पत्त्यातले नाव अक्षर अन्‌ अक्षर वाचावे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले, ते याच कारणाने. त्या शेपटीचे नाव ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही.

सचोटी ही प्रमाणपत्राने येत नाही, ती वजनात, भावात आणि दिल्या शब्दात असते. पण सचोटीने धंदा करणाऱ्याच्या दारावर दुसऱ्याची पाटी दिसावी किंवा धोक्याचा इशारा झळकावा, ही गोष्ट त्याच्या सचोटीवर अन्याय करणारी आहे, आणि तो टाळणे त्याच्याच हाती आहे. आमच्या व्यापारी बंधू-भगिनींनी या आठवड्यात एवढे करावे. मोबाईलवर स्वतःच्या दुकानाचा पत्ता टाकावा, प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पाहावे, आणि ती तारीख भाडे व वीजबिल यांच्या शेजारी वहीत लिहून ठेवावी. वेबसाईट दुसऱ्याने केलेली असली तरी दुकान आपले आहे, आणि त्याचे कुलूपही आपल्याच ताब्यात असले पाहिजे.